चुलीचा धूर

सुपातलं भात पाखडता पाखडता गोदा थांबली आणि सिनेमातल्या पोराचे पाय चिखलाने कुठवर भरले होते ते तिने हाताने गुडघ्यापर्यंत दाखवलं.

"आन् दारात हुबा. म्हातारीला म्हनतो, आये, भूक लागली."

खळ्यावरच्या बायका ही गोष्ट आठवडाभर ऐकत होत्या, तरी त्यांचे हात थांबलेच. शिळफाट्याला तंबूत लागलेला सिनेमा वस्तीतल्या सगळ्यांनी काही पाहिला नव्हता. बहुतेकींनी तो गोदाच्या तोंडूनच पाहिला. बुडाला म्हणून गावाने रडून घेतलेला मुलगा शेवटी घरी येतो, आईच्या हातची भाकरी खातो. संपला सिनेमा.

पुतळाबाईला मात्र सिनेमातलं कळत होतं, निदान तिचा तसा समज होता.

"ते सपान आसंल गं. सिनेमात सपान पडलं की खालून धूर सोडतात."

"धूर व्हता. चुलीचा व्हता," गोदा म्हणाली. "आन् सपनातला मानूस दोन भाकरी खातो व्हय?"

सगळ्या हसल्या. येसूबाई हसली नाही.

गोदाची शेजारीण ही येसूबाई; तंबूत तिच्याबरोबर तीच होती. तंबूत मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागत. पोराने भाकरी संपवली आणि दिवे लागले. सिनेमा संपला असं समजून गोदा डोळे पुसत सरळ बाहेर गेली. येसूबाई मागे राहिली आणि तिने पुढचं रीळ पाहिलं. म्हातारी झोपेतून उठते, दारात कोणी नसतं. बाहेर आल्यावर गोदाचा चेहरा असा काही उजळलेला दिसला की येसूबाईने पुढचं रीळ स्वतःपाशीच ठेवलं.

गोदाचा मुलगा नामा श्रावणात पाताळगंगेच्या पुरात गेला होता. प्रेत मिळालं नाही. तिच्या नवऱ्याने, धर्माजीने, येत्या रविवारी त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे मरणामागचं कार्य, ठरवलं, पण गोदा पोराच्या फोटोला हार घालू देईना. सून पारू माहेरी जायला निघाली तर गोदाने तिची ट्रंकच लपवून ठेवली. नवरा येणार म्हणून सासूने अडवलेली ती तरणी पोर दाराकडे बघत बसलेली. "वैनी, तुमीच काय ते सांगा तिला," असं धर्माजी सकाळी येसूबाईला म्हणाला होता, आणि एवढं बोलून तो रडला होता.

दुपारी बाकीच्या बायका पाणी प्यायला गेल्या तेव्हा येसूबाई गोदाजवळ सरकली.

"गोदे, त्या सिनेमात पुढं आजून व्हतं गं."

गोदा पाखडत राहिली.

"ती म्हातारी जागी व्हते. पोरगा नसतोच. सपानच व्हतं ते."

सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं येसूबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

गोदाने विचारलं, "उठवलं कुनी तिला?"

येसूबाई खाली बघत म्हणाली, "शेजारनीनं."

गोदाने नुसती मान हलवली. संध्याकाळी पारूची ट्रंक तिने स्वतःच ओटीवर आणून ठेवली, आणि रविवारचा निरोप सगळ्यांना धाडायला धर्माजीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायकांतल्या गंगाबाईने खळ्यावर पुन्हा गोष्टीचा आग्रह धरला. गोदाने सांगितली. चिखल, भूक, भाकरी, काही गाळलं नाही. मग म्हणाली, "तेवढ्यात शेजारीन आली. म्हनाली, ऊठ गं."

"मग?"

"मग उठली."

पुतळाबाईचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते तिलाही नकोच होतं.

"काल सांगितलीस तीच बरी व्हती गं," ती म्हणाली.

"बरी व्हती," गोदा म्हणाली. मग ती सूप घेऊन उठली आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, येसूबाईकडे पाठ करून बसली.