उलट्या आट्यांचा नट

हर्मलला झैदानच्या जर्दाळूच्या बागेत पाणी उपसणारं ते इंजिन कुठल्या गाडीचं, हे एकदाचं कळावं, एवढंच वदादचं मागणं होतं. तिचा भाऊ तन्नूस लढाईच्या ऐन धामधुमीत आपली जुनी अमेरिकन टॅक्सी घेऊन झहलेहून दमास्कसला म्हणून निघाला, तो एकोणतीस वर्षं झाली तरी परतला नव्हता. नव्वदीची आई रात्री दाराला कडी लावू देत नव्हती. तो वाटेत मारला गेला असं पक्कं कळलं, तर पाद्री मृतांची प्रार्थना म्हणेल आणि म्हातारी सुखानं डोळे मिटेल. वदाद आता अगदी टेकीला आली होती.

"नंबर घासून टाकलाय कुणीतरी," तिनं झहलेहून सोबत आणलेला नख्ले मिस्त्री इंजिनाशी उकिडवा बसत म्हणाला. तन्नूसची गाडी सुरुवातीपासून त्याच्याच हाताखालची.

"ट्रॅक्टरचं आहे, मुअल्लिम. सगळे तेच म्हणतात," झैदान मिस्त्रीला उस्तादाचा मान देत म्हणाला. "बाबांनी लढाई संपली त्या साली घेतलं. मी तेव्हा ब्राझीलला होतो. आता बाबाही नाहीत विचारायला."

"सगळ्यांचं काय जातंय बोलायला! सहा सिलिंडर, झडपा बाजूला, आटे इंचाच्या मापाचे. फ्रेंच नाही, जर्मन नाही. अडतीस सालची अमेरिकन मोटार आहे ही."

"म्हणजे त्याचीच!" वदाद ओरडली.

"थांब गं बये. असल्या मोटारी बेरूतभर उंडारत होत्या."

त्यानं क्रँकच्या दांड्याच्या टोकाचा मोठा नट पुसला, पाना लावला आणि सवयीनं डावीकडे फिरवून खोलायला गेला. नट आणखीच आवळला. हा नट सारखा ढिला पडतो म्हणून तन्नूस जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतः लेथवर उलटे आटे पाडले होते. असा नट साऱ्या मुलखात एकच.

"त्याचंच आहे," तो म्हणाला.

वदादनं क्रूसाची खूण केली आणि ती मोकळेपणानं रडली. "मारलं त्याला. लुटलं आणि इंजिन विकलं. सुटला बिचारा."

मिस्त्री नटाच्या कडा बोटानं चाचपत राहिला.

"काय झालं, मुअल्लिम?"

"पंपाचं हे चाक बसवायला नट खोलावाच लागतो. न कळता खोलणाऱ्यानं ताकद लावून दांडा मोडला असता. इथं साधा ओरखडासुद्धा नाही. उलटं फिरवायचं हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तन्नूसला. मी तर इथं आज पहिल्यांदा येतोय."

वदादला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती बांधावर बसली आणि तिनं मिस्त्रीला विचारलं,

"लढाई संपली होती ना तेव्हा? रस्ते खुले होते?"

"होते."

"दोन तासांवर घर होतं त्याचं."

वदादनं डोळे पुसले, चप्पल पायात सरकवली.

"चला. आईला तुम्हीच सांगा, इंजिनात गोळी सापडली म्हणून. माझ्या तोंडून तिला खोटं वाटेल."