अकरा दिवसांचं पाणी

मामा तलावावरचा मोजणीदार. रोज सकाळी सातला पाण्यात रोवलेली पट्टी बघायची आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम; पण चोवीस वर्षांत वहीतला एक रकाना कोरा राहिला नव्हता, याचा त्याला कोण अभिमान! त्याच वह्यांवर त्याच्या भाचीनं तीन वर्षं राबून शोधनिबंध लिहिला होता. आता तो तपासून परत आला होता.

"कोणी तपासला?" मामानं विचारलं.

"ते कळत नाही. नाव न सांगता तपासतात."

"म्हणजे चुका काढायच्या आणि तोंड लपवायचं. त्यापेक्षा आमची शेजारीण बरी, तोंडावर तरी बोलते."

भाची हसली. "एकच शंका काढलीय. बारा वर्षांपूर्वी ओळीनं अकरा दिवस पाणी रोज बरोबर एकेक सेंटिमीटर उतरलंय. असं कसं, म्हणतात. मी लिहिलंय, वारा पडला होता, म्हणून एकसारखं उतरलं. तू फक्त हो म्हण, आजच पाठवते."

ते अकरा दिवस तो दवाखान्यात मामीच्या उशाशी बसून होता. कोरे रकाने बघवेनात म्हणून नंतर घरी बसून त्यानं अंदाजानं भरून टाकले. बारा वर्षं कुणाला पत्ता नव्हता, आणि कुठल्या तरी बिननावाच्या माणसानं नेमकं बोट ठेवलं. हो म्हटलं तर सगळं झाकून जाणार होतं. पोरीची मेहनतही वाचणार होती.

पण तिच्या नावावर खोटं जायचं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"वारा नव्हता पडला," तो म्हणाला. "मीच नव्हतो तिथं." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

भाची रागावली, आणि का नाही रागावणार? "आधी का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचा एकेक आकडा डोळ्यांनी बघून लिहिलाय."

ती कागद उचलून गेली. दीड महिना तिचा फोन नाही. मामा रोज सातला पट्टी बघत होता, पण आकडा लिहिण्याआधी पुन्हा एकदा बघून यायचा.

मग एका दुपारी ती आली. सगळी गणितं नव्यानं केली होती, निबंध स्वीकारला गेला होता. आलेखातली रेघ मधेच तुटली होती. खालची बारीक अक्षरं तिनं वाचून दाखवली: "अकरा दिवस नोंद नाही. मोजणीदाराची पत्नी आजारी होती."

"असलं लिहितात यात?"

"नाही लिहीत. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, 'अपरिहार्य कारण' एवढं पुरे. मी नाही बदललं."

मामानं आलेख जवळ ओढून ती मोकळी जागा बघितली. मग जिथं रेघ पुन्हा सुरू होत होती, त्या ठिपक्यावर त्यानं बोट ठेवलं.

"हा खरा आहे," तो म्हणाला. "तिला स्मशानात पोचवून मी सरळ तलावावरच गेलो होतो."