बुवांची पट्टी

“याला खोकला झालाय,” असं म्हणत मनोरमाकाकूंनी पिशवीतल्या मेथीच्या जुडीखालून एक तळहाताएवढं मशीन काढलं आणि काउंटरवर ठेवलं. मशीनला मेथीची दोन पानं चिकटली होती.

प्रीतमने पानं झटकली. विरार पश्चिमेला त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट आणि तिला लावलेलं शटर. पूर्वी तो टीव्ही दुरुस्त करायचा, मग सेट टॉप बॉक्स आले, मग मोबाईल. आणि अलीकडे ही नवी तऱ्हा निघाली होती. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेली माणसं लहानपणीचे व्हिडिओ गेम हातात मावणाऱ्या मशीनमध्ये भरून घ्यायला येत आणि काउंटरवरच खेळत उभी राहत. पण सत्तरीतल्या काकूंच्या पिशवीत असं काही निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“कोणाचं हे, काकू?”

“कोणाचं म्हणजे? ह्यांचं. आमच्या हर्षवर्धनने पुण्याहून पाठवलं. डॉक्टर म्हणाले ना, बोटं चालू ठेवा. दाबायचा रबरी चेंडू आणून दिला, तर ह्यांनी तो खिडकीतून खाली टाकला. म्हणे मी काय पोर आहे? आणि आता हे पोराचं खेळणं हातातून सुटत नाही.”

‘ह्यांचं’ म्हणजे शांताराम बुवांचं. प्रीतम हसला, पण त्याला आत कुठेतरी बरंही वाटलं. काकूंच्या सोसायटीमागच्या देवळातल्या भजनी मंडळात बुवा गायचे आणि प्रीतम त्यांना पेटीची साथ करायचा. प्रीतम जवळच्या गिरीज गावातल्या केळीच्या वाडीवाल्याचा मुलगा, वडिलांकडून पेटी शिकलेला. बुवा कोकणातून आलेले, कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. दोघांच्या घरच्या बोलीत एक शब्द सारखा नव्हता, पण सूर जुळले ते पंधरा-सोळा वर्षं. बुवांची पट्टी पांढरी चार. पेटीवरची चौथी पांढरी पट्टी हा त्यांचा सा. ज्या उंचीवर भल्याभल्यांच्या गळ्याच्या शिरा ताठतात, तिथे बुवा पान खाऊन बसल्यासारखे आरामात गायचे.

मग कंपवात आला. आधी टाळ थरथरला, मग आवाज. तीन वर्षांपूर्वी गोकुळाष्टमीला वरच्या सुरावर गळा फाटला, तेव्हा प्रीतमने वाकून हळूच विचारलं होतं, “बुवा, पट्टी उतरवू का?” बुवांनी नुसतं पाहिलं. फाटक्या आवाजात, त्याच पट्टीत अभंग पुरा केला, टाळ फडक्यात गुंडाळले आणि घरी गेले. पुन्हा देवळात गायला आले नाहीत. आपण विचारलं नसतं तर, असं प्रीतमला अजून वाटायचं.

त्याने मशीन चालू केलं. होड्यांचा गेम होता. बेटावरचा किल्ला राखायचा, दोन होड्या आपल्या आणि बाकी समुद्रभर शत्रूच्या. सुरुवातीची धून वाजली आणि प्रीतमची बोटं काउंटरवर आपोआप फिरली. पांढरी चार. बुवांचीच पट्टी.

“हा तर तुमच्याकडे टीव्हीवर होता ना? पिवळी कॅसेट?”

“तोच. हर्षूला आणला होता दहावी पास झाल्यावर. तो आठ दिवसांत कंटाळला. मग आम्हीच खेळायचो, जेवणं झाली की. ह्यांची पहिली होडी, माझी दुसरी. माझी आधी बुडायची, मग हे मला चिडवायचे, म्हणे अर्नाळ्याच्या कोळणीसारखी ऐट आणि होडी सांभाळता येत नाही.”

पडद्यावर होड्या वाढल्या तसं मशीनला धाप लागली. चित्र अडखळायचं, धून तुटायची, परत दोन पावलं पुढे जायची. प्रीतमला दुखणं लगेच कळलं. असल्या मशीनच्या पोटात जुनं मशीन नसतंच. जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतो, एमुलेटर म्हणतात त्याला. आणि सोंग वठवायला मुळापेक्षा कितीतरी जास्त मेहनत पडते. स्वस्तातली चिप ती, दहा मिनिटांत तापायची आणि मान टाकायची.

दोन संध्याकाळी तो त्याच्यामागे लागला. चित्र जुन्या टीव्हीसारखं दिसावं म्हणून घातलेली सजावट त्याने काढली. खेळ मागे फिरवायची सोय होती, ती क्षणाक्षणाची आठवण साठवत बसायची. तीही बंद केली. जडसा एमुलेटर काढून हलका घातला, चिपवर उष्णता ओढून घेणारी पट्टी चिकटवली. समुद्र होड्यांनी भरला तरी धून एकदाही तुटली नाही, तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला.

मशीन घेऊन तो स्वतःच बुवांच्या घरी गेला. बुवा खिडकीजवळ बसले होते, हात मांडीवर, आणि मांडीवर हाताची आपली स्वतंत्र थरथर चालू. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली होती. काकूंनी दारातच हळू आवाजात सांगितलं, “बटणं बघून हसू नकोस. अर्धा तास लागतो, पण स्वतः लावतात.”

धून वाजली. बुवांनी डोळे मिटले.

“वा. सूर मोकळा झाला रे. इतके दिवस बिचारा उचक्या देत होता.”

आणि खेळायला लागले. पहिली होडी निघाली तशी बुडाली. दुसरी थोडं अंतर गेली. नव्या डावात बुवांचा अंगठा बटणावर पोचेपर्यंत गोळा येऊन आदळला होता. त्यांनी मशीन पालथं करून टीपॉयवर ठेवलं.

“चांगलं केलंस,” ते म्हणाले. “चहा घेऊन जा. मी जरा पडतो.”

आठवड्याभराने काकूंचा फोन आला. आधी पावसाबद्दल बोलल्या, मग केळ्यांच्या भावाबद्दल, मग पुन्हा पावसाबद्दल.

“काय झालं, काकू?”

“काही नाही रे. त्या मशीनला हात लावला नाही ह्यांनी. ते जाऊ दे. काल शर्ट घातला आणि तसेच उघड्या बटणांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी बटणं लावली. एकदा माझ्याकडून लावून घेतली ना, की आता रोजच. मी ओळखते ह्यांना.”

फोन ठेवल्यावर प्रीतमने समोरचा उघडा मोबाईल बाजूला सारला. आपण काय करून ठेवलं ते त्याला आता कळलं होतं. मशीन अडखळत होतं, त्या अडखळण्यातच बुवांच्या अंगठ्याला पोचायला वेळ मिळत होता. रोग बरा करायला गेला आणि रोग्याची काठीच काढून घेतली, असला वैद्य आपण. कपाळावर हात मारून घ्यावा असं त्याला वाटलं.

उपाय सोपा होता. एमुलेटरमध्ये वेग कमी करायची सोय असते. पण त्यात एक मेख होती. वेग उतरवला की धूनही खाली उतरते. धून आपल्या जागी ठेवून नुसता वेग उतरवायचीही सोय होती, पण ती लावली की त्या गरीब चिपवर इतका ताण यायचा की आवाज पुन्हा फाटायचा. त्याने तऱ्हेतऱ्हेने करून पाहिलं. सूर जपावा तर फाटतो, फाटू द्यायचा नाही तर उतरतो. फाटका सूर बुवांना सोसणार नाही हे नक्की होतं. आणि उतरलेला?

विचारायची त्याची छाती झाली नाही. एकदा विचारून झालं होतं.

शिवाय बुवांना हल्ली कमी ऐकू यायचं. बातम्या चालू असल्या की खालच्या मजल्यावरच्यांनाही फुकट ऐकायला मिळायच्या. ज्या माणसाला स्वतःच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, त्याला गेमची धून थोडी उतरलेली काय कळणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. वाडीतली वेलची केळ्यांची फणी घेतली आणि गेला.

“अपडेट आलंय, बुवा. पाच मिनिटं द्या.”

धून वाजली. काळी दोन. पूर्ण एक सूर खाली. बुवांनी मान किंचित तिरपी केली. मग बटण दाबलं. होडी निघाली, गोळा आला, अंगठा सावकाश गेला आणि होडी बाजूला झाली. बुवांनी श्वास सोडला. त्या दिवशी पहिला किल्ला राहिला.

दोन दिवसांनी काकूंचा फोन. “वरचं एक बटण सोडून सगळी लावली. वरचं म्हणे गळ्याला काचतं. काचत-बिचत काही नाही, लागत नाही ते. पण असू दे, मी पण म्हटलं, हो, काचतंच.”

मग ते ठरूनच गेलं. रोग काही थांबणारा नव्हता. होड्या पुन्हा बुडायला लागल्या की काकू फोनवर म्हणायच्या, “केळी चांगली होती रे,” आणि प्रीतमला कळायचं. तो फणी घेऊन जायचा, कार्ड साफ करतो म्हणून मशीन हातात घ्यायचा आणि पाठ करून वेग थोडा उतरवायचा. दिवाळीआधी धून पांढऱ्या दोनवर आली, थंडी पडली तेव्हा काळ्या एकवर. बुवा दर वेळी मान तिरपी करायचे आणि खेळायला लागायचे. सांज झाली की काकू शेजारी बसून ‘डावीकडे, अहो डावीकडे’ ओरडायच्या. आपण मोठे हुशार, असं प्रीतमला वाटायला लागलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तो असाच गेला. बुवा खेळत होते. एक होडी बुडाली, दुसरी बुडाली. हाताची थरथर आता खांद्यापर्यंत चढली होती.

“आणा, बुवा. कार्डात धूळ बसली असेल.”

बुवांनी मशीन दिलं नाही.

“प्रीतम, कार्डात धूळ बसत नाही. मी स्टोअर सांभाळलंय तीस वर्षं.” ते थोडं थांबले; हल्ली वाक्यालाही दम लागायचा. “पांढरी चारची काळी दोन केलीस, ते मला त्याच दिवशी कळलं. मग पांढरी दोन. आणि ही आत्ताची काळी एक.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रीतमला कुठे बघावं कळेना.

“तुम्हाला कुकर ऐकू येत नाही म्हणून मला वाटलं...”

“कुकर ऐकून काय करायचंय? सूर ऐकू येतो.”

“रागावलात?”

“पहिल्या दिवशी रागावलो. चेंडू गेला त्याच वाटेने हे पण टाकणार होतो. मग म्हटलं, आधी एक डाव खेळून टाकू.” बुवांच्या तोंडावर हसू आलं, चेहरा आखडला होता, त्यामुळे ते यायला वेळ लागला. “आणि किल्ला राहिला रे.”

प्रीतमने केळ्यांची फणी टीपॉयवर ठेवली.

“माझे गुरुजी म्हातारपणी काळी एकमध्ये गायचे,” बुवा म्हणाले. “पण बसल्याबरोबर पेटीवाल्याला मोठ्याने सांगायचे, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. उतरवण्यात कमीपणा नसतो. चोरून उतरवण्यात असतो. त्या अष्टमीला तू नीट विचारलं होतंस. मलाच सांगता आलं नाही. आणि मग तू विचारायचंच सोडलंस.”

त्यांनी दोन्ही हातांनी मशीन पुढे केलं. ते हवेत डुगडुगत होतं. मग दारातल्या काकूंनाच काय, जिन्यातल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “पांढरी एक कर.”

प्रीतमने या वेळी पाठ फिरवली नाही. बुवांसमोर बसूनच वेग उतरवला. धून निघाली, सावकाश, खालच्या अंगाने. बुवांनी घशातल्या घशात सा लावून पाहिला. तो लागला. फार नाही, दोन श्वास टिकला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि तशाच आत गेल्या.

“याच्या खाली जागा आहे का रे अजून?”

“आहे.”

“किती?”

निम्म्यापर्यंत वेग उतरतो. त्याच्या खाली मशीनला सोय नाही, हे प्रीतमला ठाऊक होतं. “पुष्कळ आहे, बुवा,” तो म्हणाला.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. आपला पेटीवाला कधी खरा सूर धरतो आणि कधी नुसती समजूत घालतो, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत नव्हतं असं नाही.

“बरं,” ते म्हणाले. “पण विचारून कर.”

त्यांनी मशीन घेतलं. सुरू करायचं बटण छोटं होतं. अंगठा त्यावरून घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. प्रीतमचा हात पुढे यायला लागला तसे त्याने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घेतले आणि दाबून धरले. धून संपून पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागली. बुवांनी अंगठा उचलला, शर्टाला पुसला, आणि परत बटणावर नेला.

होडी धक्क्यावरून सुटली.