शिमग्यात हललेला पाइपलाइनचा खांब

मित्रांनो, रत्नागिरीजवळ पालीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सिमेंटचा एक खांब दिसतो, तो मी. डोकं पिवळं आणि पोटावर लाल अक्षरं, 'खाली गॅसची पाइपलाइन आहे. खोदण्यापूर्वी फोन करा.' त्याखाली नंबर. आठ वर्षांपूर्वी पाइप पुरला, तेव्हा इंजिनिअरांनी तीनदा मोजून मला बरोबर त्याच्या डोक्यावर रोवलं. मी मनातून जरा फुगलोच होतो.

माझं काम एकच, जागा न सोडणं. गुरं मला अंग घासायची, पोरं मला स्टंप करून क्रिकेट खेळायची. माझी तक्रार नव्हती.

यंदा शिमग्यात मात्र माझी जागा सुटली. पालखी नाचवायला मोकळी जागा हवी होती आणि मी नेमका मधोमध. मुंबईहून आलेल्या दादूने दोघांना हाताशी घेऊन मला पहारीने उपटलं. "पालखी गेली की परत लावतो," म्हणाला. पालखी गेली, आणि त्यांनी मला घाईघाईत अठरा पावलं लांब, दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या कडेला रोवलं. दुसऱ्या दिवशी तिघेही मुंबईच्या गाडीत बसले. पुढे लाइन तपासणारा संदेश नावाचा मुलगा आला. लाइनच्या या भागावर तो नवा होता. मी उभा आहे एवढंच पाहून त्याने फोनवर बरोबरची खूण केली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मे महिन्यात जमिनीच्या मालकीण विमलावहिनी जेसीबी घेऊन आल्या. वीस वर्षं मुंबईत काढून त्या नुकत्याच गावी राहायला आल्या होत्या आणि त्यांना आंब्याची नवी कलमं लावायची होती. बाई काळजी घेणारी. माझ्यावरची अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली आणि पाइपपासून लांब खोदायचं म्हणून माझ्यापासून अठरा पावलं मोजली. फोन तेवढा केला नाही. खांब समोर दिसतोय, मग विचारायचं काय, असं त्यांना वाटलं.

जी बाई माझं ऐकत होती, तिलाच मी पाइपवर नेऊन उभं केलं, मित्रांनो.

सड्यावर एरवी कातळ फोडताना मशीन थरथरतं. इथे माती भसाभस निघाली. "वयनी, नशीब काढलात. हितं कातळच नाय," जेसीबीवाला दीपक म्हणाला. वहिनी खूश होऊन खड्ड्याच्या काठावर वाकल्या. पाइप पुरताना उकरलेली माती होती ती, मऊ असणारच. एक फूट गेला. दोन गेले. अडीच. पाइप साडेतीन फुटांवर, आणि मला ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात आंबे काढायला गावी आलेला दादू खांद्यावर झेल्याची लांब काठी घेऊन वर आला. त्याने खड्डा पाहिला, मग मला पाहिलं. झेला टाकून तो धावला आणि थेट जेसीबीसमोर उभा राहिला.

"दीपक, मशीन बंद कर. तो खांब तिथला नाय. मीच हलवलाय, शिमग्यात."

मशीन थांबलं. माझ्यावरच्या नंबरावर फोन गेला. लाइनवाला संदेश आला आणि त्याने हाताने माती बाजूला केली. चार बोटांवर पाइपच्या वर इशाऱ्यासाठी अंथरलेली पिवळी जाळी लागली. तिच्याखाली वीतभर माती, आणि मग पाइप. दादूने मान वर केली नाही.

विमलावहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दादूभावजी, आज तुम्ही मुंबईला असतात तर?"

दादू पहार आणायला गेला.

आता मी पुन्हा पाइपच्या डोक्यावर आहे. मित्रांनो, मला हलवू नका. हातून हललोच, तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी सांगा. चुकीच्या जागी उभा असलो, तरी लोक माझं ऐकतात.