काचेपलीकडच्या बाई

"आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी. कळलं ना, आजी?"

रोजचं वाक्य तिनं खाली बघतच म्हटलं आणि मग कागदावरचं नाव वाचलं. मान वर करायचा धीर होईना.

"आजी नका हो म्हणू," समोरून हसणं आलं. "नुसतं बाई म्हणा. सगळे तसंच म्हणतात."

तोच आवाज. तीस वर्षं हा आवाज ऐकत तिनं भांडी घासली होती, कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, मुलीला झोपवलं होतं.

दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. सव्वीस वर्षं त्याच बिनखिडकीच्या खोलीत. सगळे तिला कानवाली ताई म्हणत. लग्नाआधी तिनं या गायिकेला चार पत्रं लिहिली होती, मला शिकवाल का म्हणून. उत्तर आलं नाही. पाचवं लिहायच्या आत लग्न ठरलं. पुढे घरात कधी बाईंचं गाणं लागलं की नवरा म्हणायचा, "आल्या तुझ्या बाईसाहेब! आता दूध उतू जाणार." आणि जायचंही. तो हसायचा, तीही हसायची, विषय तिथेच संपायचा. पण डबा खाताना, बसच्या रांगेत ती मनातल्या मनात कुठेतरी जाऊन यायची. भरलेलं सभागृह, दिवे, पुढे बाई आणि मागे साथीला आपण. पन्नाशी उलटल्यावर तिनं असलं काही बोलून दाखवलं असतं तर लोकांनी आधी रक्तदाब मोजला असता.

बाईंची भाची बाहेर थांबली. कानवाल्या ताईनं बाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला.

खालचे सूर बाईंनी अचूक पकडले. वरच्या पट्टीला बोट हललं नाही. तिनं आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. मग काहीच वाजत नसताना बाईंनी बटण दाबलं आणि चोरून तिच्याकडे पाहिलं, परीक्षेत शेजारणीच्या वहीत डोकावणाऱ्या मुलीसारखं. तिनं नजर खाली वळवली आणि आलेखात जे खरं होतं तेच भरलं.

"आता मी शब्द म्हणते. ऐकू येईल तसा परत म्हणायचा."

ओठ दिसू नयेत म्हणून तिनं तोंडापुढे कागद धरला.

"पान."

"पान."

"सात."

"आत."

"काच."

"काज... काज ना?"

आयुष्यभर ती बाईंच्या मागून गुणगुणत आली होती. आज बाई तिच्या मागून म्हणत होत्या, आणि चुकत होत्या.

तिनं माइकचा आवाज अगदी खाली आणला. इतका, की आलेखाप्रमाणे बाईंना काहीही ऐकू जाणार नव्हतं. कागदाआडून ती म्हणाली, "बाई, मला तुमच्याकडे यायचं होतं हो. फार यायचं होतं."

बाईंनी मान वर केली. "काही म्हणालात?"

"नाही. पुढचा शब्द देते." तिनं आवाज वाढवला. "घर."

"घर," बाई म्हणाल्या. अगदी बरोबर.

बाहेर आल्यावर बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "डॉक्टर काय ते सांगतीलच. पण तुम्ही खरं सांगा. घरचे सगळे गोड बोलतात. मला सूर कळत नाही ना आता?"

असं सांगणं तिचं काम नव्हतं. रोज ती 'डॉक्टरांना विचारा' म्हणून मोकळी व्हायची.

"वरचे नाही कळत," ती म्हणाली. "कानात यंत्र घातलंत की बोलणं नीट ऐकू येईल. गाणं मात्र... पूर्वीसारखं नाही."

बाईंनी मांडीवरचा मफलर उचलला. "वाटलंच होतं. मागच्या कार्यक्रमात साथीदार माझ्याकडे बघेचना." मग एकदम विचारलं, "तुम्ही ऐकता का गाणं?"

ती चार पत्रं सांगून टाकावीशी वाटली. पण आत्ताच ज्यांचं गाणं हिरावलं गेलं, त्यांच्यावर आपलं ओझं कुठे ठेवायचं?

"ऐकते," ती म्हणाली. "कधीमधी."

बाई उठल्या. मफलर गुंडाळू लागल्या, पण बोटांना टोक सापडेना. ती पुढे झाली. बाईंनी निमूट हनुवटी वर केली आणि तिनं त्या गळ्याभोवती, वारा लागू नये असा, मफलर हलक्या हातानं बांधून दिला.