पर्डी सार्जंटची शिफारस

वेड रॅटलिफला जिना चढताना श्वास पुरेना झाला, तेव्हा त्याची बायको क्रिस्टल त्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या माणसाने फौजेतून सुटल्याचा कागद दोनदा वाचला आणि खालच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. 'सन्मानाने नाही.' असा शेरा असलेल्याला इथे इलाज मिळत नाही, असं तो म्हणाला. म्हणताना त्याला वाईट वाटत होतं, हेही खरं.

वेडला वाटत होतं, तो शेरा कधीच बदलला असेल. चौदा वर्षांपूर्वी इराकहून परतल्यावर तो छावणीतून कुणाला न सांगता निघून गेला होता. चाळीस दिवस डोंगरात, ओढ्याकाठी, ट्रकमध्येच राहिला. परत आल्यावर, खटला नको असेल तर इथे सही करून फौज सोड, असं त्याला सांगितलं गेलं. टेबलामागचा कारकून वर म्हणाला, "काळजी नको रे, सहा महिन्यांनी आपोआप बदलतं." आपोआप काहीएक बदलत नाही. पण ही थाप छावण्या-छावण्यांतून वर्षानुवर्षं चालत आली आहे, आणि सही करणारी पोरं विशीतली असतात, त्यांना घरी जायची घाई असते. वेड त्या थापेवर चौदा वर्षं निवांत जगला. गावच्या मिरवणुकीत म्हाताऱ्या शिपायांबरोबर ताठ मानेने चाललाही.

सैनिकांची कामं बघणाऱ्या कचेरीत नोला हेगर नावाची बाई होती. तिने त्याला समोर बसवून सगळं समजावलं. "शेरा बदलायला पंधरा वर्षांच्या आत फौजेच्या मंडळाकडे अर्ज करता येतो, तुझे दहा महिने उरलेत. तिकडच्या लढाईने तुझं मन मोडलं होतं म्हणून तू गेलास, हे मंडळाला पटायला हवं. डॉक्टरचा कागद आहे, पण तो आत्ताचा. तेव्हा तुला जवळून पाहिलेला माणूस हवा."

असा एकच माणूस उरला होता, इराकमधल्या त्याच्या तुकडीचा सार्जंट पर्डी, आता टेनेसीत राहणारा. वेडने फोन केला.

"शिफारस? तुझी?" पर्डी म्हणाला. "अरे, याला विचारायचं काय? आजच बसतो लिहायला."

"तेव्हा मी कसा होतो, तेवढं लिहा, सार्जंट."

क्रिस्टल शेजारून खुणा करत होती. सांग ना, काय लिहायचं ते नीट सांग. वेडने तिच्याकडे पाठ फिरवली. ज्या माणसासमोर वर्षभर छाती काढून उभे राहिलो, त्याला आपण आतून कसे होतो ते फोनवर कसं सांगायचं?

"मला आधी दाखवाल का?" एवढंच त्याने विचारलं.

"शिफारस ज्याची त्याला दाखवायची नसते, रॅटलिफ. ती थेट वर जाते. एवढं तरी शिकवलं होतं मी तुला."

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर होती, गावच्या वाचनालयातल्या एका खोलीत. पलीकडे पाच अधिकारी. मधल्या बाई शांत होत्या, आवाजात राग नव्हता. त्यांनी पर्डीचं पत्र वाचून दाखवलं.

"'वेड रॅटलिफ माझ्या तुकडीतला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस. पुलावर पुढची गाडी उडाली, त्यात आमचे दोघे गेले, पण याचा हात हलला नाही. त्या संध्याकाळी तो दोन ताटं जेवला आणि ढाराढूर झोपला. शेवटच्या दिवसापर्यंत तो असाच होता. रडगाणं याच्याजवळ नव्हतंच. याच्या मनाला काही झालं होतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.'"

त्यांनी कागद खाली ठेवला. "मिस्टर रॅटलिफ, मग तुम्ही छावणी सोडून का गेलात?"

सार्जंट बघत होता म्हणून वेड दोन ताटं जेवला होता. मग संडासामागे जाऊन सगळं ओकला होता. झोपला मुळीच नव्हता, डोळे मिटून पडला होता.

"मी नाटक करत होतो, मॅडम."

"सार्जंटसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"तेव्हा कुणाला सांगितलं होतं? डॉक्टरला? बायकोला?"

"नाही."

नाटकाचा पुरावा कोण ठेवतो? पाच जणांनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्याचे आभार मानले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. बदल नाही. कारणांमध्ये पर्डीचं नाव तीन वेळा होतं. नोला म्हणाली, वर आणखी एक मंडळ आहे, तिथे दीड-दोन वर्षं लागतील. वेड तिच्याकडे बघत खोकत राहिला. तिने पुढचा अर्ज टेबलावरच राहू दिला.

"सार्जंटना दुसरं पत्र लिहायला सांग," क्रिस्टल म्हणाली. "खरं काय ते सांग एकदा. तुझा जीव जातोय, वेड."

"त्यांनी पाहिलं ते खरंच लिहिलंय. आता काय, खोटं लिहा म्हणू?"

गुरुवारी पर्डीचाच फोन आला. साठी उलटलेला आवाज, पण अजून कवायतीचा.

"निकाल आला का रे?"

"आला."

"मग? मला ते पत्र लिहायला तीन आठवडे लागले, बाबा. आयुष्यात एवढं मोठं कधी लिहिलं नव्हतं. चार वेळा फाडलं. उपयोग झाला ना?"

क्रिस्टल समोर उभी होती. सांग, ती ओठांनीच म्हणाली.

"झाला, सार्जंट," वेड म्हणाला. "मिळालं."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मला माहीतच होतं. तुझ्यासारख्याला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? ऐक, सोमवारी मी येतोय. पाच तासांचा तर रस्ता. तुला त्या दवाखान्यात मी स्वतः नेणार."

"कशाला उगाच, सार्जंट. तुमचे गुडघे—"

"हुकूम समज."

"होय, सार्जंट," वेड म्हणाला. चौदा वर्षांनीही ते तोंडातून सरळ, न अडखळता आलं.

त्याने फोन ठेवला तेव्हा क्रिस्टल खुर्चीत बसली होती. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. "सोमवारी ते दारात आले की मी काय सांगू त्यांना?" तिने विचारलं. वेडने बोलायला तोंड उघडलं, पण खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.