मालकाचा भोंगा

मालगुजारी संपली, तेव्हा गावाचे मालक राहिलेल्या मालगुजारांची बंद पडलेली मोटार मी विकत घेतली. दुरुस्त करून नागपुरात दुपटीने विकायची होती. शाळेतले बाकीचे मास्तर हसले; हसू देत.

गिरडच्या मंगरू मिस्त्रीने दोन महिने खपून इंजिन चालू केलं. भोंग्याला मात्र तो हात लावीना.

"काऊन रे?" मी चिडून विचारलं.

"बाकी सगळं करून देतो, गुरुजी. भोंगा राहू द्या."

मुकी मोटार कोण घेणार? माझं डोकं फिरलं. वर्ध्याहून नवा रबरी फुगा आणून मीच तो बसवला.

पहिल्या फेरीला मंगरू शेजारी होता. टेकडीखालच्या वळणावर मी ऐटीत भोंगा वाजवला.

पुढे त्याची म्हातारी आई, भागाबाई, मोळी घेऊन चालली होती. आवाज ऐकताच तिने मोळी टाकली, वहाणा काढून हातात घेतल्या आणि ती मान खाली घालून कडेला उभी राहिली. गाडीत कोण आहे, हे तिने पाहिलंच नाही.

मी ब्रेक दाबला. मंगरू उतरला. खाली बसून त्याने एकेक वहाण तिच्या पायात घातली.

मान वर न करताच तिने विचारलं, "मालक गेले काय रे?"